डावी पाकळी

"हे कोणी खरं मानणार नाही, पण आपल्या घराचा देश ठरला तो जास्वंदीच्या एका पाकळीवर," मी म्हणालो. "सरकारने नाही ठरवला, लष्कराने नाही ठरवला. पाकळीने ठरवला. आणि ती पाकळी लावली होती या हातांनी."

मी दोन्ही हात अश्विनीच्या पुढे धरले. अश्विनी आमची नातसून. पुण्याची. भाजीवालीने मेथी ताजी आहे म्हटलं तरी जुडी सोडून बघणारी. तिने माझ्या हातांकडे बघितलं आणि मग मांडीवरच्या प्लास्टिकच्या फायलीकडे.

त्या फायलीपायीच विषय निघाला होता. केदारला, म्हणजे माझ्या नातवाला, आयर्लंडला नोकरी करायची आहे आणि त्यासाठी पोर्तुगालचा पासपोर्ट हवा आहे. हल्ली गोव्यात निम्मी तरुण मंडळी याच उद्योगात असतात. आजा पोर्तुगीज अमलात जन्मलेला असला की त्याची जन्मनोंद लिस्बनला पाठवायची, त्यावरून बापाची, बापावरून नातवाची, असं शिडीने चढत जायचं. आमच्या शिडीची खालची पायरी मी. चौऱ्याऐंशी वर्षांत माझ्या जन्माचं एवढं कौतुक कोणी केलं नव्हतं.

"पण आजोबा, मला एक कळत नाही," अश्विनी म्हणाली. "बासष्ट साली तुम्हाला फक्त एक अर्ज द्यायचा होता. एक सही केली असती तर पोर्तुगीज राहिला असतात. आम्ही आता ज्याच्यासाठी तीन वर्षं धावतोय ते तुमच्या हातात होतं. मग का नाही दिलात?"

मागच्या पडवीतून आवाज आला, "विचारलंस? आता जेवण चुकलं गो तुझं."

हा आवाज कुमुदचा, माझ्या बायकोचा. ती भिरंडं फोडत बसली होती. भिरंड म्हणजे ज्याची आमसुलं करतात ते फळ. फोडायचं, आतला गर काढायचा, सालं उन्हात टाकायची. या कामात हात गुंतलेले असतात आणि कान मोकळे असतात. माझ्या गोष्टींना तिचा त्रास आहे तो हाच.

"तर तेव्हा मी तेवीस वर्षांचा," मी सुरुवात केली. "एकसष्टच्या डिसेंबरात भारताचं लष्कर आलं. पोर्तुगीज मागे हटताना पूल उडवत गेले. आमच्या गावाबाहेरचा पूल उडाला तेव्हा असा धमाका झाला म्हणून सांगू, परसातले अकरा फणस एकदम खाली आले. पिकलेले. गावभर वास."

"डिसेंबरात पिकले फणस?" आतून आवाज आला.

"नारळ असतील," मी म्हणालो. "पण पडले हे खरं."

अश्विनी हसली. माणूस हसला की पुढचं सांगायला सोपं जातं.

*

तीन महिन्यांनी, मार्चअखेरीस, तो हुकूम आला. तालुक्याच्या कचेरीच्या भिंतीवर कागद चिकटवला होता. गोव्यात ज्याचा जन्म झाला, किंवा ज्याच्या आईबापांचा, आजाआजीचा झाला, तो आपोआप भारताचा नागरिक. त्याने काही करायचं नाही. पण ज्याला पोर्तुगीजच राहायचं आहे त्याने एक महिन्याच्या आत तसं लेखी कळवायचं.

मी पोर्तुगीज चार यत्ता शिकलेला, त्यात अक्षर वळणदार. कचेरीसमोरच्या चिंचेखाली मी एक टेबल टाकलं आणि लोकांचे अर्ज लिहून द्यायला लागलो. उरलेल्या वेळी गावच्या माउलीच्या देवळात माझ्या मामांच्या हाताखाली पूजेचं बघायचो. फोंडूमामा देवीचे पुजारी. सत्तरी ओलांडलेली, हात कापायचे, म्हणून बारीक काम माझ्याकडे.

"त्या एका महिन्यात चारशे माणसांचा देश मी लिहून दिला," मी अश्विनीला म्हणालो.

"सव्वीस," पडवीतून आलं.

"सव्वीस अर्ज. पण विचारायला चारशे आले! आमचा पेद्रू शिंपी तर रोज यायचा. म्हणायचा, शाबा, मी काहीच लिहिलं नाही तर मी कोण? मी म्हणायचो, भारतीय. अर्ज लिहिला तर? पोर्तुगीज. आणि अर्ज लिहिला, पण तो तुझ्या टेबलावरून वाऱ्याने उडाला तर? मग भारतीय. पेद्रूने बराच वेळ विचार केला. म्हणाला, म्हणजे भारतीय व्हायला काही म्हणजे काही करावं लागत नाही? नाही, मी म्हटलं. मग माझ्या स्वभावाला तेच जमेल, म्हणाला, आणि घरी जाऊन झोपला. आहे अजून त्याचा मुलगा मडगावात, विचार जाऊन."

पेद्रूचं सोपं होतं. सोपं नव्हतं ते द्वारकाकाकीचं.

द्वारकाकाकी म्हणजे आमच्याच वाड्यावरची. नवरा लवकर गेलेला. सुपारीचं नि माडांचं एक लहानसं कुळागर, ते ती स्वतः शिंपायची. पाटाचं पाणी कुठल्या आळ्यात किती वेळ सोडायचं हे तिच्या पायांना कळायचं. मुलं दोन. थोरला सगुण अठ्ठावन साली औषधांचं शिकायला लिस्बनला गेला. हुशार. आईला सांगून गेला होता, तीन वर्षांत परत येतो. तीन वर्षं संपली त्याच महिन्यात इकडे लष्कर आलं. बोटी बंद, टपाल बंद, दोन्ही सरकारांचं बोलणं बंद.

आणि दुसरी मुलगी. एकोणीस वर्षांची.

"त्या मुलीचं नाव सांगा की," आतून आवाज आला.

"कुमुद," मी म्हणालो. "त्या वेळी बोलायला फार गोड होती."

भिरंड फुटल्याचा आवाज जरा जोरात झाला.

एप्रिलच्या मध्यावर द्वारकाकाकी माझ्या टेबलाशी आली. उन्हात दोन कोस चालून आलेली, कपाळावरचा घाम पदराने टिपत. मागे छत्री धरून कुमुद. काकीने कमरेच्या पिशवीतून एक पत्र काढलं. सगुणचं. आफ्रिकेतल्या कुणा ओळखीच्याकडून फिरून फिरून आलेलं. चार ओळी.

"वाच रे शाबा," काकी म्हणाली. "कुमुदने वाचून दाखवलंय. तरी तू वाच."

मी वाचलं. आई, तू आणि कुमुद पोर्तुगीज राहिलात तर तुम्हांला इकडे आणायची सोय होईल, मी चौकशी केली आहे. भारतीय झालात तर तुम्हांला इकडे येता येणार नाही, आणि मला तिकडे. किती वर्षं ते कोणी सांगत नाही. काय करायचं ते तू ठरव. तुझा सगुण.

"म्हणजे सही केली तर मुलगा," काकी म्हणाली. "आणि नाही केली तर?"

"तर घर," मी म्हणालो. "सही केलीत की इथे तुम्ही परक्या. आज ना उद्या निघावं लागणार. निघालात की परत यायची हमी नाही."

ती माझ्या समोरच्या बाकावर बसली.

"तिकडे तुळस होते का रे?"

"थंडीत जळते म्हणतात. घरात, खिडकीत ठेवली तर जगते."

"घरात?" तिला ते फार विचित्र वाटलं. मग म्हणाली, "पण सगुण तिथे जगला ना तीन वर्षं. तुळशीचं काय एवढं." आणि लगेच, "पाटाला पाणी कोण सोडणार?" आणि पुन्हा, "त्याच्या हाताला जेवण येत नाही. भाताची पेज करतो."

तासभर ती असंच काठाकाठाने फिरत राहिली. शेवटी म्हणाली, "लिहून तर ठेव."

मी दोघींचे दोन अर्ज लिहिले. काकीच्या अर्जात कुटुंबाची माहिती भरायची होती. मुलगा एक, वास्तव्य लिस्बन. मुलगी एक, अविवाहित. हा शेवटचा शब्द मी एवढा घोटून लिहिला की छत्रीखालून आवाज आला, "अक्षर छान आहे तुमचं."

तिने माझ्याशी बोललेले ते पहिले चार शब्द.

"आणि मग आजोबा?" अश्विनीने विचारलं. फाईल तिने केव्हाच बाजूला ठेवली होती.

"मग काय. मला त्यात काय होतं? मी लेखक. लेखकाने तटस्थ राहायचं असतं."

"तटस्थ!" पडवीतून हसणं ऐकू आलं. "रोज संध्याकाळी आमच्या कुळागराच्या बांधावरून देवळात जायचे. देवळाची वाट दुसऱ्या बाजूला."

"बांधावरून वारा छान येतो," मी म्हणालो.

काकीने सही केली नाही. अर्ज घडी करून कमरेला लावले. रोज सकाळी ती ते उघडायची आणि संध्याकाळी घडी करायची. असे बारा दिवस गेले. कुमुदला विचारलं तर ती म्हणायची, आई करील ते. आणि एप्रिल संपत आला, म्हणजे मुदतही संपत आली. शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी काकी देवळात आली आणि फोंडूमामांना म्हणाली, "मला ठरवता येत नाही. एका हाताने एक धरलं तर दुसऱ्या हातातलं सुटतं. माउलीला विचारा. ती सांगेल ते मी करीन. मागे वळून बघणार नाही."

*

"कौल लावणं ठाऊक आहे तुला?" मी अश्विनीला विचारलं.

तिने नकारार्थी मान हलवली.

"मग ऐक. देवीची मूर्ती काळ्या दगडाची. तिच्या उजव्या खांद्याशी एक पाकळी, डाव्या खांद्याशी एक पाकळी, पाण्यात बुडवून नुसती टेकवायची. दगडाला पाणी धरतं, पाण्याला पाकळी धरते. पुजाऱ्याने देवीला प्रश्न घालायचा. मग थांबायचं. पाणी सुकत आलं की एक पाकळी आधी पडते. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्यावर आमच्याकडे लग्नं ठरलेली आहेत, भांडणं मिटलेली आहेत. माणसाला देवीवर रागावता येत नाही ना, म्हणून ते बरं असतं."

"म्हणजे फिफ्टी-फिफ्टी," अश्विनी म्हणाली.

"पुण्यात तसं म्हणत असतील."

शेवटचा दिवस. सकाळी नऊ वाजता आम्ही गाभाऱ्यात. मी, फोंडूमामा, आणि उंबऱ्याशी द्वारकाकाकी. कुमुद बाहेरच्या खांबाला टेकून. काकीने नवी चोळी घातली होती, अर्ज कमरेला होते. उजवी पडली तर तिथेच सही करायची आणि तशीच अकराच्या बसने तालुक्याला जायचं, असं ठरलं होतं. कचेरी एकला बंद व्हायची. त्यानंतर देश बदलून मिळणार नव्हता.

मामांचे हात कापायचे म्हणून पाकळ्या मी लावल्या. दोन्ही सारख्या ओल्या, दोन्ही सारख्या दाबलेल्या. आईशप्पथ.

मामांनी गाऱ्हाणं घातलं. त्यांचा आवाज म्हातारा होता, पण गाऱ्हाण्यात तो जड व्हायचा.

"बाये माउली, हे तुझं लेकरू तुझ्या पायांशी उभं आहे. दर्याच्या पलीकडे तिचा मुलगा, दर्याच्या अलीकडे तुझी सावली. तिला दोन्ही हवं, आणि दोन्ही मिळत नाही. तिने जावं असं तुझ्या मनात असेल तर उजवी दे. तिने राहावं असं असेल तर डावी दे. तिचं चुकलंमाकलं पोटात घाल आणि वाट दाखव."

"दाखव गे माये," आम्ही म्हणालो.

आणि थांबलो.

एप्रिलचा उकाडा. गाभाऱ्यात एक समई, तेलाचा वास, फुलांचा वास. बाहेर कुठेतरी काजूची बोंडं तुडवत होते, त्याचा आंबूस वास येत होता. पाव तास गेला. अर्धा तास गेला. पाकळ्या हलेनात. काकी हात जोडून उभी होती, ओठ हलत होते. मी समोर होतो म्हणून मला ऐकू आलं. ती देवीला सांगत होती, पेज करतो गे तो, नुसती पेज.

आत पडवीत भिरंडं फोडायचा आवाज थांबला होता. विश्रांती घेत असेल म्हणून मी पुढे सांगायला लागलो, जरा घाईने.

"मग काय झालं माहीत आहे? दहा वाजले असतील. एकदम वारा आला. कुठून आला देवी जाणे, गाभाऱ्याला खिडकी नाही. समईची ज्योत आडवी झाली. वरची घंटा आपोआप वाजली. एकदा नाही, तीनदा! सगळ्यांनी डोळे मिटले. मामांनी मिटले, काकीने मिटले. गाभाऱ्यात एकाचाही डोळा उघडा नव्हता. मी वात सावरायला खाली वाकलो, वात सावरली, आणि वर बघतो तर डावी पाकळी देवीच्या पायांशी! उजवी जिथल्या तिथे."

मी पडवीकडे कान दिला. घंटेवर काहीतरी येईल असं मला वाटलं होतं. काही आलं नाही.

"डावी म्हणजे राहा," अश्विनी हळूच म्हणाली.

"राहा."

"मग त्या रडल्या?"

नाही रडली. ती वाकली, पाकळी उचलली, डोळ्यांना लावली. कमरेचे अर्ज काढून देवीपुढे ठेवले, मग काय वाटलं कोण जाणे, परत उचलून कमरेला लावले. म्हणाली, "कागद बरा आहे, असू दे." मग माझ्याकडे वळली. "शाबा, तुझ्या हातून देवी बोलली रे. हे हात देवीचे." तिने माझा डावा हात धरला आणि आपल्या डोळ्यांना लावला. उजवा मी पाठीमागे धरला होता. का ते आता आठवत नाही.

मग ती सरळ कुळागरात गेली आणि पाट सोडला. तिची वेळ चुकली होती, माडांना तहान लागली होती. अकराची बस गेली तेव्हा ती आळ्यात उभी होती. बसचा भोंगा ऐकून तिने वर बघितलं नाही. मी बांधावरून बघत होतो. तिकडून वारा छान येतो.

*

पुढच्या मार्गशीर्षात आमचं लग्न झालं. काकीनेच माझ्या मामांकडे शब्द टाकला. म्हणाली, देवीच्या हाताचा जावई हवा.

सगुणची पत्रं यायची. वर्षाला दोन, कधी एक, अशीच कुठून कुठून फिरून. त्याने कधी विचारलं नाही, आई का नाही आलीस. तो मितभाषी, आणि परदेशात माणूस आणखी कमी बोलतो. मी बरा आहे, थंडी आहे, दुकानात काम करतो, काळजी नसावी. एवढंच.

कुमुदला वाचता येत होतं. पण सासूबाई पत्र माझ्याकडे द्यायच्या. आणि मी वाचायचो. मी बरा आहे, हे वाचून झालं की मी पुढे वाचायचो की काल मी इथल्या बाजारात गेलो होतो आणि तिथे एक बाई भोपळा विकत होती, अगदी आपल्या मंगळवारच्या बाजारातल्या कोंकूसारखी, तशीच मापात मारणारी. थंडी आहे, याच्या पुढे मी वाचायचो की आई, आज मी सोलकढी केली, कोकम नव्हतं म्हणून लाल द्राक्षं घातली, भलतंच झालं, ओतून टाकलं. सासूबाई पोट धरून हसायच्या. "द्राक्षं! वेड्या!" म्हणायच्या, आणि डोळे पुसायच्या. चार ओळींचं पत्र मी अर्धा तास वाचायचो. एकदा त्या मला म्हणाल्या, "कुमुद वाचते तेव्हा पत्र लवकर संपतं. तू वाचतोस तेव्हा लांब होतं."

कुमुद दाराशी उभी राहून ऐकायची. कधी मध्ये बोलली नाही.

लोक म्हणतात, शाबाला थापा मारायची सवय जन्मापासून आहे. जन्मापासून नाही. बासष्टपासून आहे.

"आणि सगुणआजोबा?" अश्विनीने विचारलं. "कधीच भेटले नाहीत आईला?"

तिने हे विचारायला नको होतं, किंवा मी तिच्याकडे बघायला नको होतं. तिचे डोळे भरून आले होते. पुण्याच्या पोरीच्या डोळ्यांत पाणी, आणि ते माझ्या गोष्टीने. अशा वेळी माझ्यातला माणूस थांबत नाही.

"भेटले नाहीत कसं? भेटले तर!" मी म्हणालो. "चौऱ्याहत्तरला तिकडे राज्य उलटलं. दोन्ही सरकारं एकमेकांशी बोलायला लागली. आणि पंच्याहत्तरच्या मे महिन्यात सगुण आला. सतरा वर्षांनी! डोक्यावर हॅट, हातात चामडी पेटी. मी त्याला पुलावरून घेऊन आलो. सासूबाई कुळागरात होत्या, पाट सोडत. त्यांना सांगितलं नव्हतं, म्हटलं छातीत कळ येईल. पण त्यांनी नुसती पावलं ऐकली. वर न बघताच म्हणाल्या, सगुण, चिखलात पाय घालू नकोस, बूट खराब होतील."

अश्विनीच्या गालावरून एक थेंब ओघळला.

"तो तसाच आला चिखलात. बुटांसकट. त्यांच्या पायांशी वाकला. त्यांनी त्याची हॅट काढली, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, केस गेले रे तुझे. मग म्हणाल्या, जेवलास? त्या दिवशी त्यांनी जी सोलकढी केली ना, तसला रंग मी पुन्हा बघितला नाही. त्याला समोर बसवून भात वाढला. पेज नाही, भात. आणि मला म्हणाल्या, शाबा, माउलीने थांबवलं म्हणून काय झालं, माझा मुलगा तिने माझ्या दारात आणून दिला. तुझ्या हातांचे उपकार—"

"खोटं."

पडवीचं दार उघडं होतं आणि दारात कुमुद उभी होती. मनगटापर्यंत हात लाल. रस कोपराकडे ओघळत होता, तो तिने पुसला नव्हता. फणसाच्या वेळी, सव्वीसाच्या वेळी तिच्या आवाजात हसणं असतं. आता नव्हतं.

"आई एकाहत्तरच्या श्रावणात गेली," ती अश्विनीला म्हणाली. "दादा आला तो फोटोला हार घालायला आला. बुटांना चिखल लागला हे खरं. तो एकटाच जाऊन आळ्यात उभा राहिला होता."

अश्विनीने माझ्याकडे बघितलं. मी हातांकडे.

"आणि घंटा वाजली नाही. वारा आला नाही," कुमुद म्हणाली. ती येऊन माझ्या शेजारी सोप्यावर बसली, लाल हात मांडीवर उताणे ठेवून. "आईचे आणि मामांचे डोळे मिटलेले होते, मान्य. मी बाहेर खांबाशी होते. माझे उघडे होते. उजवी पडली आधी. तुम्ही वाकलात, ती मुठीत घेतलीत, तबकातली दुसरी तिच्या जागी टेकवलीत, आणि डावीला नखाने लोटलंत."

माझा उजवा हात पुन्हा पाठीमागे गेला.

"तुला... तेव्हापासून?"

"तेव्हापासून. एक हाक मारली असती तर आई गेली असती मुलाकडे. अकराची बस होती." ती अंगणात वाळत टाकलेल्या सालांकडे बघत होती. "मला जायचं नव्हतं. तुम्ही मूठ मिटलीत, मी तोंड मिटलं. नंतर तुम्ही दादाची पत्रं लांबवायचात, तेव्हा दाराशी उभी राहून ऐकताना मला ती मूठच आठवायची."

तिने माझा उजवा हात ओढून घेतला. माझ्या तळव्याला भिरंडाचा रंग लागला.

"म्हणून सांगते, पुढच्या वेळी सांगाल तेव्हा नीट सांगा. सगळं एकट्याच्या नावावर घेऊ नका."